डावा हात खिशात

कराडच्या एका मोठ्या दुकानात पुण्याहून केशतज्ज्ञ खांडके आले होते. आले कसले, अवतरलेच होते! पातळ, चपट्या केसांना गरम यंत्रानं फुगवटा कसा आणायचा, ते एका बाहुलीच्या डोक्यावर दाखवत होते.

शैला मुळीक पुढे झाली. "यातलं वापरायला सगळ्यात सोपं कुठलं?"

"ही कर्लिंगची सळई. हा गरम हवेचा ब्रश म्हणजे नुसता पोरखेळ! सळई जिला जमत नाही, तिनं केस तसेच ठेवावेत."

लोक हसले. शैला हसली नाही. "मग करून दाखवा. पण डावा हात खिशात घालून."

खांडक्यांनी ऐटीत हात खिशात घातला. पण एका हातानं बट काही वेगळी होईना. कशीबशी गुंडाळली तर सुटेना. शेवटी करपल्याचा वास सुटला.

ते चिडले. "अहो, दोन हात असताना एका हातानं कोण करतं?"

"मी करते. दुसऱ्या हातात आईची मान असते. ती आता मान धरत नाही. केस नीट केल्याशिवाय तिनं जन्मात कुणाला दार उघडलं नाही, आणि आता लोक तिला शेवटचं भेटायला येतायत."

खांडक्यांनी बाहुलीचं डोकं स्टँडवरून काढून आडवं केलं, मानेखाली डावा तळवा धरला आणि उजव्या हातात तो ब्रश घेतला.

"असं ना?"

"जरा वर धरा," शैला म्हणाली. "तिला श्वास घेता आला पाहिजे."