वारुळावरचा मनाई हुकूम

त्या माळरानाच्या राज्यात घर कोणी बांधले हे कोणी विचारीत नसे. आत कोण बसले आहे, एवढेच पाहिले जाई.

माळाच्या मधोमध पुरुषभर उंचीचे एक वारूळ होते. वाळवीच्या सात पिढ्यांनी लाळेत माती कालवून ते उभे केले होते. एके दिवशी नाग आत शिरला आणि वाळवी बाहेर आली. आता ती एका कुजक्या ओंडक्याखाली दिवस काढीत होती. वाळवीला ऊन सोसत नाही. रोज काही पिल्ले वाळून जात. तरी सवय जाईना. घर गेले तरी रोज काहीजणी जाऊन वारुळाच्या भेगा बाहेरून बुजवून येत.

शेवटी गेरूबाई नावाच्या म्हाताऱ्या वाळवीने न्यायालयात दावा लावला. ती जन्मतःच आंधळी असल्याने फणा पाहून घाबरण्याचा प्रश्नच नव्हता.

न्यायासनावर हत्तीण होती. नागाची वकील साळुंकी पहिल्याच तारखेला म्हणाली, "बाईसाहेब, हे वारूळ कोणी बांधलेलंच नाही. जमिनीतून आपोआप वर आलंय. माझ्या अशिलाची तिथे वहिवाट आहे."

"आम्ही बांधलंय," गेरूबाई म्हणाली.

साक्षीदार पुष्कळ होते. पण नागाचे नाव निघताच सरडा आजारी पडला, सशाला तारीख आठवेना आणि तितर परगावी गेला.

मग साळुंकीने आणखी एक अर्ज दिला : निकाल लागेपर्यंत वाळवीने वारुळाला शिवू नये. हत्तिणीने 'जैसे थे'चा हुकूम दिला. नाग खूश झाला.

ओंडक्याखाली रडारड झाली. तरण्या वाळव्या म्हणाल्या, "चोरून जाऊ. भेगा तरी बुजवून येऊ."

"मातीचा एक कण लावायचा नाही!" गेरूबाई कडाडली. "हुकूम झालाय ना? मग तो पाळायचा. अगदी काटेकोर पाळायचा."

तिच्या मनात काय आहे ते कोणाला कळेना. पिल्ले रोज कमी होत होती आणि म्हातारी स्वतःही एका कोपऱ्यात तोंड लपवून रडत असे. पण तिचा शब्द मोडायची कोणाची छाती झाली नाही.

वारुळाला रोज डागडुजी लागते, हे नागाच्या गावीही नव्हते. महिन्याभरात भेगा पडल्या. मग एक बाजू ढासळली, भर दुपारचे ऊन थेट नागाच्या वेटोळ्यावर पडू लागले आणि वरून घार डोकावू लागली. घाबरलेल्या नागाने साळुंकीला फैलावर घेतले. साळुंकीने घाईघाईने अर्ज लिहिला : वाळवीला डागडुजीचा हुकूम व्हावा, कारण हे काम तिच्यावाचून कोणालाच येत नाही.

हत्तिणीने अर्ज दोनदा वाचला.

"वकीलबाई, आपोआप वर आलेलं वारूळ आता आपोआप का बुजत नाही?"

गेरूबाईला हसू आवरेना.

त्याच बैठकीत निकाल लागला. नाग बाहेर पडताना पाहायला सारा माळ लोटला; साक्षीला न आलेले सगळ्यांत पुढे होते. वाळवी पिल्लांना उचलून ओळीने आत गेली. सर्वांत शेवटी गेरूबाई गेली.

मग आतून काम सुरू झाले. नागाच्या येण्याजाण्याच्या भोकाच्या कडेवर ओल्या मातीचा एक कण बसला, पाठोपाठ दुसरा. नाग बाहेर बसून पाहत राहिला. भोक त्याच्या फण्याएवढे झाले, मग शेपटीच्या टोकाएवढे, आणि मग तिथे नुसती ओली भिंत उरली.