क्रोमियमच्या घरातली पाचवी खोली

फार पूर्वी, भिंग काय नि दुर्बीण काय, काहीच नव्हतं तेव्हाची गोष्ट. क्रोमियमच्या अणूचं एक घर होतं. घर म्हणजे किती, तर सुईच्या टोकावर अशी लाखो मावतील. मधोमध केंद्रकबुवा ठाण मांडून बसलेले, आणि त्यांच्या ओढीने चोवीस इलेक्ट्रॉन बिऱ्हाडाला यायचे होते.

घराची रीत ठरलेली होती. खोल्यांच्या ओळींना म्हणायचं उपकवच. खालची ओळ आधी भरायची, मग वरची. एका खोलीत दोघेच, आणि एकाची गिरकी उजवीकडे तर दुसऱ्याची डावीकडे. पहिले अठरा जण रीतीने बसले. एकोणिसावा नि विसावा यांना 'एस' नावाची एकच खोली मिळाली. हा विसावा मोठा शिस्तीचा. दिसेल त्याला रीत शिकवायची, हाच त्याचा उद्योग.

पुढे 'डी' नावाची ओळ. तिथे पाच सारख्या खोल्या. एकविसावा, बाविसावा, तेविसावा एकेका खोलीत गेले. चोविसावा दमून आला आणि सरळ पहिल्याच खोलीत शिरू लागला.

विसावा त्याच्यावर खेकसला, "अरे, पंगतीत रिकामी पानं असताना दुसऱ्याच्या पानावर बसतोस होय? आधी सगळ्या खोल्यांत एकेक, मग जोडीदार."

बिचारा चोविसावा मुकाट्याने चौथ्या खोलीत गेला. चोवीस पुरे झाले, पण घर काही स्थिर होईना. ते डुगडुगतच राहिलं. असंच चाललं तर कुणीतरी बाहेर फेकला जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

चोविसावा रडवेला झाला. "मी शेवटी आलो, म्हणजे जाणार मीच ना?"

"पाचवी खोली ओस आहे," केंद्रकबुवा म्हणाले. "ओळीतल्या पाचही खोल्यांत एकेक जण आल्याशिवाय घर थांबायचं नाही. आणि पंचविसावा काही येणार नाही."

खालचे सगळे घट्ट बसलेले, त्यांना हलता येईना. तेव्हा एकोणिसावा हळूच विसाव्याला म्हणाला, "दादा, तिकडे पान रिकामं आहे, आणि इथे एका पानावर आपण दोघे बसलोय."

विसावा ओशाळला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पाहिल्या, स्वतःची मांडी काही पाहिली नव्हती. जागा सोडायची, शिवाय ओळीतल्या चौघांसारखी गिरकीही उजवीकडे फिरवायची. जिवावर आलं होतं, पण चोविसाव्याचा चेहरा त्याला बघवेना.

तो उठला. गिरकी बदलली आणि पाचव्या खोलीत जाऊन बसला.

त्या क्षणी घर थांबलं. पाच खोल्यांत पाच, 'एस'मध्ये एक, सहाही जणांची गिरकी एकाच दिशेला. चोविसावा आनंदाने इतका फिरला की केंद्रकबुवांनाही हसू फुटलं. "पोरा, कुणी कुठे जात नाही," विसावा त्याला म्हणाला, आणि साऱ्या घराने जल्लोष केला. आजही क्रोमियमच्या घरात हीच बसायची पद्धत आहे.

तात्पर्य एवढंच, की दुसऱ्याला शिकवलेली रीत आधी आपल्या पानात वाढून घ्यावी. घर त्यानेच उभं राहतं.