पोक असलेलं धनुष्य

तुमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. जंगलाच्या काठी रखमाजी नावाचा एक धनुष्यं घडवणारा राहायचा. राजानं त्याच्या घराला धनुष्याला लागणाऱ्या धामणीच्या झाडांची राई लावून दिली होती. दर दसऱ्याला एक चांगलं धनुष्य द्यायचं, एवढीच अट. धनुष्य चुकलं, की राई गेली. आणि राई गेली, तर घरानं खायचं काय?

त्या वर्षी म्हातारपणानं रखमाजीच्या हातून काम होईना. त्यानं माळ्यावर बारा वर्षं वाळत पडलेला धामणीचा ओंडका खाली काढला, उभा चिरवला, आणि धनुष्य करायला एक फाक मुलाला, एक मुलीला दिली. दोन्ही फाकींना एकाच जागी पोक होतं.

"बाबा, हे पोक का आलं?" मुलगी साळूनं विचारलं.

"मला काय ठाऊक! लाकडाला विचार," म्हातारा खेकसला.

आता लाकूड कधी बोलतं का? पण साळू भारी चौकस पोर.

तिचा थोरला भाऊ भिवजी हसला. "बस विचारत! दसरा तोंडावर आलाय." त्यानं एका दिवसात पोक तासून टाकलं. धनुष्य असं सरळ, गुळगुळीत, की दृष्टच लागावी.

साळूनं आधी टोकाची एक चकती कापून उन्हात धरली. अगंबाई! लाकडात थरावर थर होते, एकेका वर्षाचा एकेक. तिनं ढलप्या वाकवून पाहिल्या. थर कापला गेला होता, तिथं ढलपी तडकली. थर अखंड होता, तिथं ती मुकाट वाकली. मग तिनं एकच थर धरला आणि त्याच्यामागून तासत गेली. तो पोकावर चढला तशी चढली, उतरला तशी उतरली. शेवटी दोन्ही टोकं वाफेवर धरून पुढच्या बाजूला वळवली. धनुष्य झालं, पण दिसायला अगदीच ध्यान!

दसऱ्याला राजानं आधी भिवजीचं धनुष्य उचललं. दोरी कानापर्यंत ओढली आणि तडाक्! पोक होतं नेमक्या त्याच जागी ते मोडलं. ढलपी राजाच्या गालाला लागली.

"राई काढून घ्या यांची!" राजा ओरडला.

"महाराज, माझं बघायचं राहिलंय," साळू म्हणाली.

ते पोक पाहून सगळा दरबार खो खो हसला. राजा गाल धरून म्हणाला, "तूच ओढ. मी नाही हात लावत."

साळूला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? तरी तिनं दोरी गालापाशी ओढली आणि सोडली. बाण नदीपलीकडच्या वाळूत जाऊन रुतला. मग राजाला राहवेना. त्यानं स्वतः तीनदा ओढून पाहिलं. धनुष्याला काही झालं नाही.

"पण पोक का ठेवलंस गं?"

"पोकावरून लाकडाचा एकच थर सलग गेलाय, महाराज. पोक काढलं तर तो कापला जातो. मग ताण आला, की तिथंच मोडतं."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. तासण्याआधी निरखून पाहिलं."

राई रखमाजीकडेच राहिली. भिवजी मात्र आपल्या धनुष्याचे तुकडे वेचून घरी आला. दारात मोडका तुकडा पुढं धरून हळूच म्हणाला, "साळे, कुठं चुकलं ते दाखव ना."

तिनं दाखवलं. पण बारा वर्षं वाळलेली ती फाक काही पुन्हा जुळली नाही.

तात्पर्य: हत्यार चालवण्याआधी विचारलेला प्रश्न काम घडवतो, मागून विचारलेल्या प्रश्नानं तुटलेलं सांधलं जात नाही.