नदीपारची लेक

एका राज्यात युद्ध पेटले. सात वेशींच्या राजनगरावर धूम्रकेश नावाचा मांत्रिक चालून आला आणि आकाशातून अग्निपक्षी सोडू लागला. घरांमागून घरे जळाली. तेव्हा राजाने दवंडी पिटवली, "बारा वर्षांच्या आतली सगळी मुले नदीपार, डोंगरातल्या गावांत जावीत." आयांनी काळजावर दगड ठेवून लेकरांना बैलगाड्यांत बसवले. ते पाहून धूम्रकेशाने शाप दिला, "नदी ओलांडेल ते मूल आपली आई विसरेल. विसरलेले मूल पुन्हा नदीत पाऊल टाकील, तर पाषाण होईल."

डोंगरात धुरपदा नावाची मेंढपाळ बाई एकटीच राहत असे. तिच्या वाट्याला सोनाराची सुगंधा आली. सात वर्षांची पोर, पायांत मखमली जोडे. आठ दिवस ती बोललीच नाही. नवव्या दिवशी कोकराला दूध पाजता पाजता म्हणाली, "आई, हे माझं बोट चोखतंय गं!" धुरपदा दाराआड जाऊन रडली. उभ्या जन्मात तिला कोणी आई म्हटले नव्हते.

वर्ष लोटले. राजाने धूम्रकेशाला मारले, पण शाप मेला नाही. आया नदी ओलांडून आल्या, हाका मारू लागल्या, मुले ओळखीनात. सुगंधाची आई हेमांगी जवळ आली, तशी पोर धुरपदेच्या पदराआड दडली. "आई, ही बाई का रडते?"

त्याच दुपारी धुरपदेच्या कुंपणावर भारद्वाज पक्षी बसला आणि मनुष्यवाणीने बोलला, "शापित मूल जिला आई म्हणते, तीच शाप तोडू शकते. धूम्रकेशाच्या गुहेत एक दोर आहे, त्यात सर्व मुलांच्या आठवणी गाठी मारून ठेवल्या आहेत. तो आण. जळक्या नगरातला निखारा उघड्या तळहातावर आण. मग नदीच्या मध्यावर दोर जाळ आणि खऱ्या मनाने म्हण, ही माझी नाही. मनात खोट राहिली, तर नदी तुला गिळेल."

"आणि पोर?"

"तिला आई आठवेल. तू आठवणार नाहीस."

"मी गेलेच नाही तर?"

"तर ती तुझीच राहील."

तीन दिवस धुरपदा घराबाहेर पडली नाही. चौथ्या दिवशी पाण्याला गेली, तर हेमांगी नदीकाठी पान वाढून बसलेली. पानावर लेकीच्या आवडीचा दहीभात. शेजारी कोणी नाही. धुरपदा घागर तिथेच ठेवून निघाली.

गुहेत दोराला नागाचा विळखा होता. नाग म्हणाला, "मला काय देशील?"

"देण्याजोगं एकच आहे माझ्यापाशी, आणि तेच द्यायला निघाले आहे."

नागाने विळखा सोडला.

निखाऱ्याने तळहाताची कातडी जळाली, पण तिने हात झटकला नाही. नदीच्या मध्यावर उभी राहून ती म्हणाली, "ही माझी नाही." दोर पेटेना, पाणी कमरेला आले. पुन्हा म्हणाली, पाणी गळ्याला आले. तिने वळून पाहिले. काठावर सुगंधा हंबरडा फोडत होती, आणि तिला पाण्यात जाऊ न देता हेमांगी घट्ट धरून उभी होती. पोर चावत होती, ओरबाडत होती. हेमांगी सोडत नव्हती. धुरपदेला कळून चुकले. "ही माझी नाही," ती हळूच म्हणाली. दोर भडकन पेटला, पाणी ओसरले.

काठभर मुलांच्या "आई, आई" अशा हाका उठल्या. सुगंधा हेमांगीच्या गळ्यात पडली होती.

हेमांगी धुरपदेपाशी येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही कोण ते तिला सांगू?"

"नका सांगू. दोन घरांची ओढ एवढ्याशा जिवाला पेलायची नाही."

तेव्हा हेमांगीने लेकीला पुढे केले. "पाया पड बाईंच्या."

सुगंधा वाकली. धुरपदेने तिच्या मस्तकावर हात ठेवला. "सुखी राहा, लेकी."

परक्या पोरीलाही लेक म्हणण्याची त्या मुलखात रीत होती. म्हणून कोणाला काही वाटले नाही. गाड्या निघाल्या, नदी उतरल्या, राजनगराच्या सातही वेशी उघडल्या. राज्याची घडी पुन्हा बसली, घरोघरी मुले नांदू लागली. आणि धूळ खाली बसेपर्यंत धुरपदा काठावर उभी होती.