तिसावी वेल

"पण एक आठवडा थांबलं तर काय बिघडेल, बाबा?"

श्रीकरने हे तिसऱ्यांदा विचारलं. रंभाजीबाबा उपड्या क्रेटवर बसून छाटणीच्या कात्रीला तेलाचा थेंब लावत होते.

हा श्रीकर आंबेकर म्हणजे नाशिकच्या एका कारखान्यातला मोठा साहेब. हाताखाली शंभर माणसं. गेल्या वर्षी त्याने दिंडोरीकडच्या एका खेड्यात लहानसं घर घेतलं आणि घरामागे द्राक्षाच्या तीस वेली लावल्या. शनिवार उजाडला की गाडी काढायची, दोन दिवस तण उपटायचं, ठिबकच्या नळ्यांतला गाळ काढायचा, वेली बांबूला सुतळीने बांधायच्या आणि रविवारी संध्याकाळी कंबर धरत परत जायचं. शिकवायला शेजारचे रंभाजीबाबा. पन्नास वर्षं द्राक्षात गेलेली, पण बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष.

वेली आता छातीएवढ्या झाल्या होत्या. कारखान्यात असा एक माणूस उरला नव्हता ज्याला साहेबांनी त्यांचे फोटो दाखवले नव्हते.

आणि आज बाबा म्हणाले होते, "थंडी ओसरली. कापायच्या आता. खाली फुटव्याचे दोन डोळे ठेवायचे फक्त."

खाली म्हणजे कुठे, ते त्यांनी हाताने दाखवलं. गुडघ्याच्याही खाली.

"वर्षभराची मेहनत आहे ती माझी," श्रीकर म्हणाला.

"काडी बारीक आहे. उद्या घडांचं ओझं पेलणार नाही. कापली की जाड फुटते. पहिल्या वर्षी सगळेच कापतात."

"कापतो ना. नाही कुठे म्हणतोय? पुढच्या रविवारनंतर कापतो."

"का?"

श्रीकरने बांबूवरची सुतळी उगाच घट्ट केली.

"दादा येतोय. मोठा भाऊ. मी लहानपणी लावलेला पेरू वाळला, आणलेले मासे मेले, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. याच्या हातून काही जगत नाही. आईसमोर म्हणाला, पाहुण्यांसमोर म्हणाला, माझ्या लग्नात मांडवातसुद्धा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. पन्नाशी आली, बाबा. एकदा त्याला दाखवायचंय."

बाबांनी कात्री त्याच्या हातात दिली.

"डोळे फुगायला लागलेत. आठवड्याने उशीर होईल."

शनिवार गेला, रविवारची दुपार गेली. कसेबसे एकोणतीस वेलींचे खुंट झाले. तिसावी वेल फाटकाजवळची, सगळ्यात उंच. तिथे मात्र त्याचा हात चालेना.

"ही एक राहू द्या, बाबा."

"राहू दे की. वेल तुझी आहे."

निघताना बाबांनी विचारलं, "किती वेली लावल्यास रे तू?"

"तीस."

"मला एकोणतीसच दिसतात."

गेली म्हाताऱ्याची नजर, असं मनाशी म्हणत श्रीकर गाडीत बसला.

पुढच्या रविवारी पद्माकरदादा आला. गॉगल डोक्यावर सारून त्याने रांगेतून एक चक्कर मारली.

"हे काय? खुंट्या ठोकल्यास? मला वाटलंच होतं."

बाबा क्रेटवर बसून कात्री पुसत होते.

मग दादा फाटकाजवळ आला आणि थबकला. उंच वेलीला त्याने बोट लावलं.

"ही मात्र जगली हं. चला, एक तरी जगली तुझ्या हातून." आणि त्याने श्रीकरच्या पाठीवर चक्क थाप मारली.

याच थापेसाठी गड्याने चाळीस वर्षं वाट पाहिली होती. पण ती पडली आणि त्याला गोड लागेना. त्याने खाली पाहिलं. शेजारच्या खुंटावरचे दोन्ही डोळे टपोरे फुगलेले, एकातून हिरवं टोक डोकावत होतं. आणि ह्या उंच वेलीच्या शेंड्याला तेवढी चार पानं. खालचे डोळे सगळे निजलेले.

श्रीकर क्रेटपाशी गेला. बाबांनी कात्री पुढे केली.

तो वाकला. गुडघ्याखाली हात नेला, दोन डोळे मोजले... आणि दाबली कात्री. छातीएवढी वेल दादाच्या बुटांवर येऊन पडली.

"वेड लागलं का तुला? जगलेली तेवढी एकच होती."

"नाही रे दादा. बाकीच्या जगल्यात. काळजी हिचीच होती. बस इथे."

"कुठे?"

"इथे. मातीत."

दादा कुरकुरत बसला. दोघे भाऊ शेजारी शेजारी उकिडवे. कापलेलं टोक कोरडंच होतं. आठवड्याचा उशीर झालाच होता...

मग टोकावर पाणी चमकलं. थेंब धरला, मोठा झाला आणि मातीत पडला. पाठोपाठ दुसरा.

दादाने बोटावर एक थेंब घेतला.

"पाणी येतंय हिला. म्हणजे काय?"

"मुळं जागी आहेत," श्रीकर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

दादाने पुढचा थेंबही बोटावर झेलला.

"पुढच्या रविवारी काय काम असतं तुझं?" त्याने विचारलं.

"तण काढायचं. पाठ मोडते."

"बरं. जुने कपडे आणतो."

बाबा उठले. धोतराची माती झटकली, श्रीकरकडून कात्री घेऊन कमरेला खोचली आणि फाटकाकडे निघाले.

"बाबा," श्रीकरने हाक मारली, "हिला उशीर झाला का हो?"

बाबा थांबले. कपाळावर हात आडवा धरून त्यांनी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग शेजारी बसलेल्या दोन्ही भावांकडे पाहिलं.

"आता तीस दिसतात," ते म्हणाले.