उरलेली पाटी

आधी हे ऐकून घ्या : चूक वानराची होती. खारीची नव्हती, सशाची नव्हती आणि वाऱ्याची तर अजिबातच नव्हती. पुढे सगळ्या वडीलधाऱ्यांनी ती वाऱ्यावर ढकलून पाहिली, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं.

जंगलाच्या कडेला एक जुनं वनस्पती उद्यान होतं. तिथे एक म्हातारा वानर गुरुजी म्हणून राहत असे. दर हिवाळ्यात पाचवी ते सातवीच्या पिल्लांची पर्यावरण सहल त्याच्याकडे येई. सहल म्हणजे काय, तर रांग. झाडाशी थांबायचं, खोडावरची पाटी वाचायची, वहीत उतरवायची, पुढे सरकायचं. वर बघितलं की रांग मोडते, म्हणून वर बघायचं नाही. वीस हिवाळे वानरानं अशाच सहली काढल्या आणि वीस हिवाळ्यांत त्यानं स्वतःही कधी वर बघितलं नाही.

यंदा सहलीआधी पाट्या रंगवायला उतरवल्या होत्या. रंग वाळल्यावर त्या परत लावायचं काम वानरानं हट्टानं स्वतःकडे घेतलं. असली जबाबदारी कोवळ्या पोरांकडे देत नसतात, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. जुनी यादी काढली, फाटकापासून सुरुवात केली, पहिलं नाव पहिल्या झाडाला, दुसरं दुसऱ्याला, असं करत तासाभरात मोकळा झाला. झाडाकडे बघायची गरजच काय, यादी होती ना. फक्त, गेल्या वादळात शिवणीचं झाड पडलं होतं, हे यादीला माहीत नव्हतं. शिवणीची पाटी शेजारच्या काजूला लागली, काजूची बिब्याला, आणि तिथून पुढचं सगळं उद्यान एकेक झाड सरकलं. शेवटी झाडं संपली आणि वानराच्या हातात चाफ्याची पाटी उरली.

पाटी उरते म्हणजे कुठेतरी गफलत झालीय, हे पाचवीतल्या पिल्लालाही कळतं. वानरालाही कळलं. पण फाटकाशी पिल्लांचा गलका ऐकू येऊ लागला होता. त्यानं पाटी आपल्या बसायच्या दगडाखाली सरकवली.

त्यानंतर त्याचं चित्त थाऱ्यावर राहीना. शेपूट एका जागी ठरेना. दर चार झाडांनी तो मागे वळून दगडाकडे बघे. पाटीचा पिवळा कोपरा बाहेर दिसतोय असं वाटून धावत जाई, पायानं आत ढकले, धापा टाकत परत येई, तोवर रांग पुढे गेलेली असे. मग तो पिल्लांवर खेकसे. मुंगसाची वही मळकी, साळुंकीचं अक्षर गचाळ, सशाला उभंच राहता येत नाही. मोठ्यांना स्वतःचं काही लपवायचं असलं की धाकट्यांची अक्षरं त्यांना एकाएकी फार वाईट दिसू लागतात.

असं करत रांग काजूच्या पाटीपाशी आली. सहलीच्या कागदावर इथे लिहिलं होतं : फळाची चव घ्या. झाडाखाली केशरी बोंडं पडली होती, प्रत्येकाच्या टोकाला एक काळी बी. वानरानं सगळ्यांना एकेक उचलायला सांगितलं. सशानं दोन उचलली. सातवीतली एक खार मात्र पंजे मागे घेऊन उभी राहिली.

"गुरुजी, हा बिबा आहे," ती म्हणाली. "माझ्या मावशीनं याची बी फोडली होती. तिच्या तोंडभर फोड आले होते."

वानरानं तिला पाटी वाचायला लावली. तिनं वाचली, काजू. मग त्यानं वर्गाकडे बघितलं आणि वर्ग हसला, कारण गुरुजींनी तसं बघितलं की हसायचं असतं. बाईसाहेबांना पाटीपेक्षा जास्त कळतं, पुढच्या वर्षी सहल त्याच काढतील, असंही तो म्हणाला. वर्ग पुन्हा हसला. खार हलली नाही.

"गुरुजी, एकदा वर बघा ना. काजूची बी वाकडी असते."

सशानं फळ तोंडापाशी नेलं होतं. तो तसाच थांबला, एकदा खारीकडे आणि एकदा गुरुजींकडे बघत.

वानराला दगडाखालची पाटी आठवली. थांबा, एक पाटी उरलीय. एवढंच म्हणायचं होतं, चार शब्द. पण ते म्हटले तर सकाळपासूनच्या सगळ्या वह्यांवर संशय येणार, यादी चुकीची ठरणार आणि खार बरोबर ठरणार. बाकीचं त्यानं कसंबसं सोसलं असतं. हे शेवटचं त्याला सोसवेना.

"पाटी खोटं बोलत नसते," तो म्हणाला. सशाच्या हातातलं फळ त्यानं हिसकावलं आणि सगळ्यांसमोर ती काळी बी दाढेखाली फोडली.

काळा चीक जिभेवर आला, ओठांवर आला, हनुवटीवर ओघळला. वानर दोन्ही हातांनी तोंड धरून तळ्याकडे पळाला. या वेळी कुणी हसलं नाही. खारीनं आधी सशाचे पंजे धुवून काढले. मग पहिल्यांदाच सगळी पिल्लं रांग सोडून झाडाखाली गोळा झाली आणि वर बघत उभी राहिली.

वडीलधाऱ्यांची बैठक बसली. पाट्या वाऱ्यानं हलल्या असाव्यात, असं ठरलं. नव्यानं लावायचं कुणी मनावर घेतलं नाही. खारीच्या वहीत मात्र तांबडा शेरा पडला : मोठ्यांना उलट बोलते. ती त्या शाळेत पुन्हा गेली नाही.

वानराचे फोड महिन्याभरात बरे झाले. जिभेची चव गेली ती परत आली नाही. आंबा तोंडात आहे की निंबोळी, हे त्याला आता कळत नाही. खाण्याआधी त्याला पाटी वाचावी लागते, आणि पाट्या त्यानंच लावलेल्या आहेत.

तात्पर्य : चूक कळूनही ती कबूल करायला ज्याचं वय आड येतं, त्याच्या वयाचा कुणाला काही उपयोग नाही; आणि पोरांनो, पाटी वाचण्याआधी मान वर करून झाड बघा.