करंजनाळेचा फेर

करंजनाळेत अजून पायऱ्या पडल्या नव्हत्या, घाटावरून खाली उतरायला नुसती दगडधोंड्यांची घळ होती, तेव्हाची ही गोष्ट. नाळेच्या माथ्यावर करंजधार गाव आणि पायथ्याला पाणखोल. मध्ये नऊ वळणं. खालून मीठ आणि सुकी मासळी वर यायची, वरून नाचणी खाली जायची, आणि मुली दोन्हीकडून दोन्हीकडे नांदायला जायच्या.

करंजधारेत दोन बहिणी होत्या. थोरली येसू, धाकटी चिंधी. चिंधीच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं. दोघींना नाचाचं वेड. असं म्हणतात, की त्या खळ्यावर नाचल्या तरी धूळ उडायची नाही, इतकी त्यांची पावलं हलकी.

गुरं राखता राखता दोघींनी स्वतःचा एक फेर रचला होता. नऊ कडव्यांचा. त्याचं गाणंही त्यांचंच:

करवंदीला दोन पावलं, तोरणीला एक,
फांदीखाली वाक गं बाई, फांदीखाली वाक.

सातव्या कडव्याला गिरकी घेऊन उजवा पाय टाकायचा होता. चिंधी तिथं हटकून चुकायची आणि डावा टाकायची. येसू रागवायची. चिंधी म्हणायची, "आक्का, मी नाही चुकत. तुझा फेर चुकतोय." शेवटी एक दिवस येसूला हसू आलं आणि तिनं फेरच बदलला. तेव्हापासून सातव्याला डावा पाय. गावातल्या साऱ्या पोरी तसंच नाचू लागल्या.

पुढं येसूचं लग्न गावातच झालं, सुभानाशी. चिंधी खाली पाणखोलीला दिली. सणावाराला ती नाळ चढून यायची, आणि दोघी आईच्या अंगणात फेर धरायच्या.

एका वर्षी नाचणी खळ्यावर आली असताना नाळेतून लुटारू आले. गावानं वर्षभराचं धान्य गमावलं. सुभान खळ्याच्या तोंडाशी उभा राहिला होता, तो तिथंच पडला. मागाहून कळलं, की वर येण्याआधी लुटारू पाणखोलीला थांबले होते आणि चिंधीच्या सासरच्या ओट्यावर जेवले होते.

चिंधी रडत धावत बहिणीला भेटायला आली. येसू दारातच उभी राहिली.

"तुझ्या घरची भाकरी खाऊन आले ते," येसू म्हणाली.

"आक्का, छातीला भाला लावला होता गं सासऱ्यांच्या. काय करणार होतो आम्ही?"

"भाकरी वाढलीस ना? मग जा आता."

दार लागलं. चिंधी दिवस कलेपर्यंत उंबऱ्याबाहेर बसून राहिली, मग उठून नाळ उतरून गेली.

त्या वेळी गावात राघो नावाचा पाथरवट होता. दगडाचा तोल त्याच्याइतका कुणाला कळत नव्हता. हत्तीएवढा धोंडा तो असा ठेवी, की चिमणी बसली तर हलणार नाही आणि माणूस चढला तर दरीत जाईल. गावकरी त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, नाळ बंद कर. राघो म्हणाला, "बंद केली तर मीठ कुठनं आणाल? नाळ उघडी ठेवू, पण पाऊल कुठं टाकायचं ते फक्त आपल्याला ठाऊक. एवढी पावलं ध्यानात ठेवाल कशी, तेवढं सांगा."

तेव्हा येसू पुढं आली. म्हणाली, "माझ्या फेरावर बांध. नऊ कडवी आहेत आणि नऊ वळणं आहेत."

मग पायथ्यापासून वर येसू नाळेत नाचत पुढं आणि राघो मागं, असं काम चाललं. तिचं पाऊल पडे तो दगड राघो घट्ट बसवी. बाकीचे सुटे करी. कुठं पाचर काढलेला धोंडा, कुठं पाचोळ्याखाली बांबूच्या सुळ्यांचा खड्डा, कुठं वेलीला टांगलेला ओंडका. जिथं फेरात वाकायचं, तिथं न वाकणाऱ्याच्या कपाळावर ओंडका येणार.

सातव्या वळणावर येसूनं गिरकी घेतली आणि उजवा पाय टाकला.

राघो थांबला. "येसू, पोरी तर इथं डावा टाकतात."

"आता उजवा टाकतील. मी शिकवेन."

"चिंधीला माहीत आहे का हे?"

"तिला सांगायचं काय कारण?"

राघोनं हातोडी उचलली. मग त्यानं डावीकडच्या दगडाखालची पाचर काढली. आपण आणखी एकदा विचारायला हवं होतं, असं तो पुढं मरेपर्यंत म्हणत राहिला.

येसूनं सगळ्या गावाला नवा फेर शिकवला. मीठ आणायला निघालेले म्हातारेही डोईवर पाटी घेऊन गिरक्या घेत उतरू लागले. कुणी हसलं नाही, कारण एक पाऊल चुकलं तर काय होईल ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षी लुटारू पुन्हा आले. साठ जण नाळेत शिरले, असं म्हणतात, आणि पहिली तीन वळणं ओलांडून कुणी आलं नाही. जे वाचले ते परत त्या डोंगराकडं फिरकले नाहीत. राघोनं मोडलेलं पुन्हा बसवून ठेवलं.

येसूचं मोठं नाव झालं. पण तिच्या अंगणात आता फेर होत नव्हता. म्हातारी आई कधी विचारायची, "चिंधी का गं येत नाही?" येसू घागर उचलून पाण्याला निघायची.

खाली पाणखोलीलाही गोष्ट पोचली. मिठाच्या आगरावर कुणीतरी चिंधीला म्हणालं, "अगं, तुम्हा बहिणींच्या फेरावरच नाळ बांधलीय म्हणे."

चिंधीला वेगळंच वाटलं. घरी येऊन ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, आक्कानं सगळ्या जगाला वाट बंद केली, पण मला उघडी ठेवली बघा. तो फेर माझ्यावाचून खाली कुणाला येतो? तिनं मला बोलावलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवं लुगडं नेसलं, आईसाठी सुकट बांधून घेतली आणि निघाली.

येसू माथ्यावर शेण्या थापत होती. तिला नाळेतून गाणं ऐकू आलं. तिनं कड्यावर येऊन पाहिलं, तर खाली चौथ्या वळणावर चिंधी नाचत येत होती. दोन वर्षांत एकही पाऊल ती विसरली नव्हती. धोंडे तिच्या दोन्ही अंगांना दबा धरून बसलेले आणि ती त्यांच्यामधून वाऱ्यासारखी येत होती. ओंडक्याखाली ती अशी वाकली, की वेलसुद्धा हलली नाही. एवढं सुंदर कुणी नाचलेलं येसूनं कधी पाहिलं नव्हतं.

पाचवं वळण झालं. सहावं झालं.

इथं लोक दोन तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतात, येसूनं घसा फाटेपर्यंत हाक मारली, पण वारा उलटा होता. कुणी म्हणतात, ती बघतच राहिली, एक श्वासभर तिला आठवलंच नाही की सातव्याला काय आहे, आणि आठवलं तेव्हा उशीर झाला होता. येसूला स्वतःला विचारलं तर ती म्हणायची, "मला माहीत नाही. रोज आठवून बघते. मला माहीत नाही."

चिंधीनं वर पाहिलं. बहीण दिसली, तशी ती हसली आणि हात वर केला. गिरकी घेतली. डावा पाय टाकला.

धोंडा दरीत गेला आणि त्याच्याबरोबर ती गेली.

येसू तशीच शेणाच्या हातांनी नाळेत उतरली. माणसं मागं धावली, पण तिच्याजवळ जायची कुणाची छाती झाली नाही. कारण ती फेर उलटा नाचत होती. जिथं पाय टाकायचा नाही तिथंच टाकत होती. मरण मागत होती ती. सुटा धोंडा तिच्या टाचेखालून निसटून दरीत गेला, तोवर ती पुढच्या धोंड्यावर पोचलेली. ओंडका आला आणि तिच्या अंबाड्याला घासून गेला. खड्ड्यावरचा पाचोळा खचला आणि ती सुळ्यांच्या कडेला उभी राहिली. नऊ वळणांवरचे सगळे सापळे तिनं एकेक करून उडवले, आणि एकानंही तिला घेतलं नाही. असं म्हणतात, की पाहणाऱ्यांना नाळेत एकटी येसू नाही दिसली. दोघी दिसल्या. धाकटी थोरलीला हाताला धरून ओढत होती.

दुपारी येसू पाणखोलीला पोचली. चिंधीची सासू ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

"ये बाई," ती म्हणाली. "आमची सून पोचली ना नीट? सकाळपासून नुसती गात होती."

येसू अंगणातच खाली बसली. "नाही पोचली, आत्याबाई. मी फेर बदलला होता. तिला सांगितलं नव्हतं."

म्हातारीनं हातातलं सूप खाली ठेवलं. ती म्हणाली, "नुसता निरोप धाडला असतास, तरी झालं असतं गं."

तिनं येसूला शिव्या दिल्या नाहीत, मारलं नाही. पाणी दिलं. येसूनं ते तोंडाला लावलं नाही. दोन्ही गावच्या माणसांनी मिळून चिंधीला दरीतून वर आणलं, आणि म्हाताऱ्या आईनं तिचा हात हातात घेऊन एवढंच विचारलं, "एवढा वेळ का लावलास?"

येसू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. नाचली मात्र कधी नाही. राघोनं आणि तिनं मिळून नाळेत दगड बसवले, एकही न हलणारा. त्याच आजच्या पायऱ्या. आणि गावात काही बदललं की येसू उठायची. विहीर आटली, ओढ्याची वाट फिरली, कुणाचा आंबा पडला, कुणाचं म्हातारं गेलं, की ती काठी घेऊन बाहेरगावी दिलेल्या लेकींकडे गावोगाव चालत जायची आणि दारात उभी राहून सांगायची. लेकी म्हणायच्या, "आक्का, एवढ्याशासाठी कशाला चालत आलात?" ती म्हणायची, "तुला ठाऊक असावं म्हणून." आणि पाणी न पिता पुढच्या दाराला निघायची.

आजही करंजधारेत ती रीत आहे. गावात नवी वाट निघाली, जुनं झाड तोडलं, पूल बांधला, तर काम सुरू करण्याआधी दिलेल्या प्रत्येक लेकीला निरोप जातो. आता फोन आहेत, तरी एक माणूस जातोच. ज्या लेकीशी माहेरचं बोलणं तुटलेलं असेल, तिच्याकडे सगळ्यात आधी. तिनं दार उघडलं नाही, तर तो अंगणात उभा राहून मोठ्यानं सांगतो आणि परत येतो. त्या निरोपाला गावात 'येसूचं सांगणं' म्हणतात.